खुबा निखळतो, आणि दोष रुग्णाचा?

कृत्रिम खुबा निखळला की आपल्याकडे पहिली उलटतपासणी होते ती रुग्णाची. खाली बसलात का? मांडी घातली होती का? वाकून काही उचललंत का? रुग्ण घाबरलेला असतो, पाय हलवता येत नसतो, आणि गेल्या दोन दिवसांत तो कधी ना कधी वाकलेला असतोच. तो कबूल करतो, आणि निकाल लागतो. केसपेपरवर 'सूचना पाळल्या नाहीत' अशी नोंद होते, घरचे लोक त्याच्याकडे रागाने बघू लागतात, आणि मुळात ऑपरेशन कसं झालं होतं हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

मी सांधेरोपणाच्या शस्त्रक्रिया करतो, आणि दुसरीकडे बसवलेले, नंतर निखळलेले खुबे घेऊन येणारे रुग्णही मला नेहमी बघावे लागतात. या उलटतपासणीची मला चीड येते. ती अन्यायाची आहे आणि घातकही आहे. दोष रुग्णाचा ठरला की सर्जनला स्वतःच्या कामात काही बदलावंसं वाटत नाही. मग पुढच्या रुग्णाचा खुबा त्याच पद्धतीने बसवला जातो आणि त्याच पद्धतीने निखळतो.

समोरच्या बाजूचं म्हणणं मी अनेक परिषदांत, चहाच्या टेबलांवर आणि रुग्णांच्या नातेवाइकांसमोर ऐकलं आहे. ते असं: ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, एक्स-रे चांगला होता. शंभरात दोन-चार खुबे निखळायचेच, तो धोका संमतिपत्रात छापलेला असतो. त्यात आपली माणसं जमिनीवर बसणारी, उकिडवी बसणारी, कितीही सांगितलं तरी न ऐकणारी. परदेशात खुर्च्या आहेत, कमोड आहेत, शिस्त आहे. शिवाय आता मोठे बॉल आले, नवे कप आले, रोबोट आले, त्यामुळे हा प्रश्न सुटल्यातच जमा आहे. जो उरला, तो रुग्णांच्या हट्टाचा.

यातलं पहिलंच वाक्य घेऊ: ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, म्हणजे दोष रुग्णाचा. निखळणं जर रुग्णाच्या बसण्या-उठण्यावर अवलंबून असेल, तर सर्जन बदलल्याने त्याचं प्रमाण बदलायला नको. प्रत्यक्षात ते बदलतं, आणि चांगलंच बदलतं. अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेखाली 1995-96 मध्ये खुबा बदललेल्या ज्येष्ठांची माहिती जेफ्री कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केली. वर्षाला 50 पेक्षा जास्त खुबे बसवणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत निखळण्याचं प्रमाण 1.5 टक्के होतं. वर्षाला 5 किंवा त्याहून कमी करणाऱ्यांच्या रुग्णांत ते 4.2 टक्के होतं. एकाच देशातले, एकाच वयोगटातले, सारख्याच खुर्च्यांवर बसणारे आणि सारख्याच कमोडवर जाणारे हे लोक. सराव नसलेल्या सर्जनकडे फक्त हट्टी रुग्णच जात होते, असं म्हणायचं आहे का?

याहून बोलका पुरावा 1998 चा आहे. पॉल पेलिची आणि रॉबर्ट पॉस हे दोघे अनुभवी सर्जन मागच्या बाजूने खुबा उघडत असत. दोघांनी आपल्या पद्धतीत एकच महत्त्वाचा बदल केला: सांध्यापर्यंत पोचण्यासाठी कापलेली मागची कॅप्सूल आणि आखूड स्नायू ऑपरेशन संपताना नीट शिवून परत हाडाला जोडायचे. पहिल्या सर्जनच्या हातून आधीच्या 395 खुब्यांपैकी 16 निखळले होते. बदलानंतरच्या 395 पैकी एकही निखळला नाही. दुसऱ्याच्या 160 पैकी 10 निखळले होते. नंतरच्या 124 पैकी एक. सर्जन तेच, मार्ग तोच, शहरं तीच. रुग्णांचा स्वभाव एका वर्षात सुधारला नव्हता. टाके घातले गेले, एवढाच फरक होता.

हे टाके म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण रुग्णांना ते कुणी सांगत नाही. मागून खुबा उघडताना नितंबाचा मोठा स्नायू तंतूंच्या दिशेने विलग करतात. त्याखाली मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, म्हणजे ट्रोकँटरला, मागून येऊन चिकटणारे काही आखूड स्नायू असतात. पायरिफॉर्मिस त्यांतला ठळक. त्यांच्याखाली सांध्याची जाड कॅप्सूल. मांडी वर घेतली आणि गुडघा आत वळला की बॉल मागे सरकू पाहतो, आणि त्याला थोपवणारा पडदा हाच असतो. सांधा गाठायचा तर तो कापावाच लागतो. म्हणजे बॉल ज्या दिशेने निसटणार, नेमक्या त्याच दिशेची भिंत सर्जन स्वतःच्या हाताने पाडतो. ती परत उभी करायची की नाही, हा निर्णय रुग्णाचा नाही.

नवा सांधा बसला, पाय फिरवून पाहिला, की जखमेच्या तळाशी त्या कापलेल्या स्नायूंची पांढुरकी टोकं दिसतात. कापतानाच त्यांत न विरघळणारा जाड धागा ओवून त्याची टोकं आर्टरी फोर्सेप्समध्ये पकडून ठेवलेली असतात. बारीक ड्रिलने ट्रोकँटरच्या हाडात आरपार दोन भोकं पाडायची. कॅप्सूलचे आणि स्नायूंचे धागे त्या भोकांतून बाहेर ओढायचे. सहायकाने मांडी किंचित बाहेर नेऊन आणि पाय बाहेरच्या बाजूला वळवून स्थिर धरायचा, म्हणजे ताण कमी होतो. मग धाग्यांच्या गाठी हाडावर बसवायच्या. त्यानंतर मागून बोट फिरवून बघायचं. मघाशी जिथे गुळगुळीत बॉल उघडा लागत होता, तिथे आता जाड, घट्ट पडदा लागतो. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. लागणारा धागा कुठल्याही जिल्ह्याच्या गावी मिळतो.

तरीही हे टाके राहून जातात. यादीतला पुढचा रुग्ण बाहेर थांबलेला असतो, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत असतात, सर्जन हातमोजे काढतो आणि 'क्लोज करा' म्हणून सहायकावर सोपवून निघतो. सहायकाला वरचे थर शिवता येतात. तळाशी काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. काही जण याचं समर्थनही करतात: शिवलेले स्नायू नंतर सुटतातच, मग शिवायचे कशाला? काहींचे स्नायू सुटतात हे खरं आहे. पण कॅप्सूल जागेवर आलेली असते, तिथे जाड व्रण धरतो, आणि पहिले काही आठवडे, जेव्हा खुबा निखळण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, तेव्हा भिंत उभी राहते. 2006 मध्ये क्वॉन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मागून केलेल्या ऑपरेशनात न शिवलेल्यांत 4.46 टक्के, शिवलेल्यांत 0.49 टक्के. धोका आठपटीहून अधिक. एवढ्या फरकाचं एखादं औषध असतं आणि डॉक्टरने ते दिलं नसतं, तर त्याला आपण काय म्हटलं असतं?

आता पथ्यांकडे येऊ. उशी पायांत ठेवूनच झोपा, कुशीवर वळू नका, 90 अंशांपेक्षा वाकू नका, पाय एकमेकांवर टाकू नका, उंच खुर्चीच वापरा, गाडीत पुढे बसू नका. ही यादी रुग्णाच्या हातात दिली जाते आणि घरच्यांच्या मनात भीती बसते. या यादीची परीक्षा झालेली आहे. 2005 मध्ये पीक आणि सहकाऱ्यांनी पुढच्या-बाजूच्या, म्हणजे अँटेरोलॅटरल मार्गाने केलेल्या 303 खुब्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. एका गटाला नेहमीची कडक बंधनं, दुसऱ्याला त्यांतली बरीचशी माफ. सगळ्यांत मिळून एकच खुबा निखळला, आणि तो बंधनं पाळणाऱ्या गटातला होता. ज्यांना मोकळीक होती ते लवकर कामाला लागले, लवकर गाडी चालवू लागले, आणि अधिक समाधानी होते. हा अभ्यास मागच्या मार्गाचा नव्हता, हे मी लपवत नाही. मागून उघडलेल्या खुब्याला पहिले सहा आठवडे मीही थोडी काळजी घ्यायला सांगतो. पण ही यादी खुब्याला जागेवर धरून ठेवते, असं मानण्याला आधार फार तोकडा आहे. आणि तीच यादी आरोपपत्र म्हणून वापरणाऱ्यांपाशी तर काहीच आधार नाही.

या यादीने माणसाचं काय होतं, ते मी एका बाईंमध्ये पाहिलं. सत्तरीच्या पुढच्या, परगावच्या, खुबा पुन्हा पुन्हा निखळलेला. आधीच्या ठिकाणी प्रत्येक वेळी भूल देऊन सांधा बसवला आणि प्रत्येक वेळी त्यांनाच बोलणी बसली. त्या रात्री पायांत उशी घालून वरून ओढणीने बांधून घेत. बाथरूमला जावं लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं होतं. मुलगा माझ्यासमोर म्हणाला, "आई ऐकतच नाही हो." त्या खाली मान घालून बसल्या होत्या. मी सीटी स्कॅन करून घेतला. खुब्याची वाटी, म्हणजे बॉल ज्यात बसतो तो कप, पुढे झुकलेली असायला हवी, ती मागे झुकलेली होती. जगातली कुठलीही उशी तो खुबा धरून ठेवू शकली नसती. ती वाटी काढून नीट कोनात दुसरी बसवावी लागली. त्या मुलाला मी स्कॅन दाखवला, आणि आईचा यात काहीही दोष नाही हे त्याच्याकडून आईसमोर वदवून घेतलं. ते मला ऑपरेशनाइतकंच गरजेचं वाटलं.

इथे 'एक्स-रे चांगला होता' हे वाक्य पुढे येतं. समोरून काढलेल्या एका एक्स-रेमध्ये वाटी किती उभी आहे ते कळतं. ती पुढे किती झुकली आहे ते नीट कळत नाही. त्या बाईंचा समोरचा एक्स-रे बऱ्यापैकी देखणाच होता. आणि वाटी आपण जिथे ठेवली असं वाटतं, तिथे ती असतेच असं नाही. रुग्ण कुशीवर झोपवलेला असतो, रिट्रॅक्टर ओढला की ओटीपोटाचं हाड पुढे कलंडतं, आणि डोळ्याच्या अंदाजाने ठेवलेला कोन फसतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या 1823 खुब्यांची मोजणी कॅलनन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडली. दोन्ही कोन ठरवलेल्या मर्यादेत आहेत, असे खुबे निम्मे निघाले. इतक्या नावाजलेल्या ठिकाणी निम्मे, तर मग 'एक्स-रे चांगला होता' म्हणताना नेमकं काय मोजलेलं असतं?

यावर हुशार उत्तर असं येतं की आम्ही सुरक्षित क्षेत्रात ठेवतो. हे सुरक्षित क्षेत्र 1978 मध्ये लुइनेक यांनी सांगितलं: वाटीचा उभेपणा 40 अंश, पुढचा झुकाव 15 अंश, दोन्हींत दहा अंश इकडेतिकडे चालतील. त्यांच्या 300 खुब्यांत 9 निखळले होते. क्षेत्राच्या आत 1.5 टक्के, बाहेर 6.1 टक्के. नऊ खुब्यांवरून काढलेली ही चौकट तेव्हा फार उपयोगाची होती, पुढच्या पिढ्यांनी मात्र तिला शेवटचा शब्द मानलं. 2016 मध्ये मेयो क्लिनिकच्या मॅथ्यू अब्देल आणि सहकाऱ्यांनी 9784 खुबे तपासले. त्यांतले 206 निखळले होते, आणि त्या 206 पैकी 58 टक्के खुबे लुइनेकच्या चौकटीतच बसत होते. 'माझा कप चौकटीत आहे, म्हणजे चूक रुग्णाची' हा युक्तिवाद इथे संपतो. चौकटीत असूनही निखळला, याचा अर्थ त्या रुग्णाला वेगळी चौकट हवी होती.

ती वेगळी का हवी होती, हे आता बरंच कळलं आहे. उभा माणूस खुर्चीत बसतो तेव्हा त्याचं ओटीपोटाचं हाड साधारण वीस अंश मागे झुकतं. त्याबरोबर वाटी पुढून उघडते आणि वर येणाऱ्या मांडीला जागा करून देते. ज्याची कंबर ताठ झाली आहे, मणक्याचं फ्यूजन झालेलं आहे, म्हातारपणाने मणके आखडले आहेत, त्याचं हाड झुकतच नाही. वाटी उभं असताना होती तशीच राहते, मांडी वर येते, बॉलखालची मान वाटीच्या पुढच्या कडेवर आदळते आणि बॉल मागून उचकटून बाहेर जातो. अँकिलोसिंग स्पाँडिलायटिसच्या काही रुग्णांत उलट असतं: हाड कायमचं मागे झुकून अडकलेलं, वाटी आधीच उघडलेली, आणि खुबा उभं राहताना पुढून निखळतो. हे ओळखायला बाजूने काढलेले दोन एक्स-रे पुरतात, एक उभं राहून आणि एक बसून. एक्स-रेचं यंत्र जिथे आहे, तिथे हे शक्य आहे. किती ठिकाणी काढतात? ज्या रुग्णाच्या पाठीवर फ्यूजनचा व्रण दिसतो आहे, त्याचेही हे दोन फोटो न काढता वाटी 40 आणि 15 वर बसवायची आणि मग 'तुम्ही खाली वाकलात' म्हणायचं, ही कुठली रीत?

सर्जनच्या हातात अजूनही बरंच असतं. वाटीच्या तळाशी असणारं आडवं लिगामेंट हे रुग्णाच्या स्वतःच्या शरीराने दिलेलं माप आहे. बेलफास्टमध्ये बेव्हरलँड यांच्या चमूने याच लिगामेंटला समांतर वाटी बसवत 1000 खुबे केले, त्यांत निखळण्याचं प्रमाण 0.6 टक्के आलं. या खुणेला पैसाही पडत नाही. मांडीच्या हाडातला स्टेम किती वळवला, हे वाटीच्या झुकावाशी जोडून बघायचं असतं. भारतात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम केलेले चित्तरंजन रानावत यांनी दोन्हींची बेरीज टेबलावरच तपासायची साधी रीत लोकप्रिय केली.  पुढच्या कडेला वाढलेलं हाड छाटलं नाही, तर बाकी सगळं अचूक असूनही मांडी त्यावर अडते. खुब्याची रुंदी कमी पडली, तर स्नायू सैल पडतात आणि बॉल वाटीत खुळखुळतो. आणि हे सगळं झाल्यावर खरे भाग बसवण्याआधी चाचणीचे भाग घालून मांडी 90 अंशात घ्यायची, आत वळवायची, पाय सरळ करून बाहेर वळवायचा, आणि कुठे अडतं, कुठे उचकटतं ते बघायचं. टेबलावर भूल दिलेल्या शिथिल रुग्णात जो खुबा 40 अंश आत वळण्याआधीच बाहेर येतो, तो घरी टिकेल असं कशावरून वाटतं?

आता मोठ्या बॉलबद्दल. जॉन चार्नली यांनी 1962 च्या सुमारास इंग्लंडमधल्या रायटिंग्टन इथे पॉलिथिनची वाटी वापरायला सुरुवात केली, तेव्हा घर्षण आणि झीज कमी व्हावी म्हणून बॉल मुद्दाम 22.225 मिलिमीटरचा लहान ठेवला. लहान बॉल लवकर निसटतो, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. म्हणून ट्रोकँटरचं हाड कापून ते सांध्यात शिरत, आणि शेवटी ते हाड ताण देऊन परत बसवत, म्हणजे स्नायू घट्ट राहत. खुबा जागेवर ठेवणं ही आपली जबाबदारी आहे, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून गृहीत धरलं होतं. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस कमी झिजणारं क्रॉस-लिंक्ड पॉलिथिन आलं आणि 32, 36 मिलिमीटरचे बॉल शक्य झाले. त्याचा फायदा खरा आहे: हाउई आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत, पहिल्यांदाच खुबा बदलणाऱ्यांमध्ये, 28 मिलिमीटरला वर्षभरात 4.4 टक्के तर 36 ला 0.8 टक्के खुबे निखळले. मी स्वतः शक्य तिथे मोठाच बॉल घेतो. पण वाईट कोनात बसवलेल्या वाटीवर मोठा बॉल हा इलाज नाही. आणि आकार हेच उत्तर मानलं की काय होतं, हे आपल्या देशाने सोसलं आहे. मोठ्या बॉलचे धातूवर धातू घासणारे खुबे विकताना स्थैर्य हा एक मोठा मुद्दा होता. त्यांतला एएसआर नावाचा खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांनी सांध्याभोवतालच्या पेशी मेल्या. भारतात हजारो रुग्णांच्या शरीरात तो बसवला होता, आणि भरपाईचा प्रश्न केंद्र सरकारच्या समितीपर्यंत गेला.

ड्युअल मोबिलिटीचंही तसंच. 1970 च्या दशकात फ्रान्समधल्या सेंत-एतिएन इथे जील बूस्के यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली: लहान बॉल एका मोठ्या पॉलिथिनच्या बॉलमध्ये, आणि तो मोठा बॉल वाटीत फिरता. मांडीच्या हाडाची मान मोडलेली वृद्ध व्यक्ती, पार्किन्सन्स, दुबळे स्नायू, पुन्हा करावं लागणारं ऑपरेशन, ताठ कंबर, अशांसाठी ती मोलाची आहे. या रुग्णांना ती न देता साधी वाटी बसवणं आणि नंतर 'स्नायूच दुबळे होते' म्हणणं, हा माझा आक्षेप आहे. सरसकट सगळ्यांना ती बसवून टाके आणि कोन यांतून सुटका करून घेणं, हाही आक्षेप आहे. कधी कधी लहान बॉल मोठ्यातून सुटतो, आणि असा सांधा बाहेरून ओढून बसत नाही. परत उघडावा लागतो.

मग येतात शहरभर फलकांवर लागलेले दोन दावे. 'स्नायू न कापता पुढून खुबा', आणि 'रोबोटने अचूक खुबा'. पुढचा मार्ग चांगल्या हातात उत्तम आहे. पण मागचा मार्ग वाईट म्हणून लोकांना घाबरवणाऱ्यांनी क्वॉन यांच्याच पाहणीतले पुढचे आकडेही सांगावेत: पुढच्या-बाजूच्या मार्गाने केलेल्यांत 0.70, बाजूने केलेल्यांत 0.43, आणि या दुसऱ्या तुलनेत मागून करून शिवलेल्यांत 1.01 टक्के, म्हणजे सगळे एकाच पंगतीत. शिवण घातली की मार्गांतलं अंतर बहुतेक मिटतं. रोबोट वाटी ठरवलेल्या कोनात नेमकी बसवतो, हे मान्य. कोन ठरवतं कोण? कंबर तपासली नाही, तर चुकीचा कोनही तो तितक्याच नेमकेपणाने बसवेल. कॅप्सूल तर तो शिवत नाहीच.

आणि आता ते शेवटचं, मला सर्वांत जास्त खटकणारं म्हणणं: आपली माणसं जमिनीवर बसतात, म्हणून निखळतो. ती जमिनीवर बसतात हे ऑपरेशनच्या आधी माहीत नव्हतं का? विदर्भात सिकलसेलमुळे तरुणपणीच खुब्याचा बॉल सुकलेला मुलगा ऑपरेशनला येतो, त्याला पुढची चाळीस वर्षं शेतात उकिडवं बसून निंदणी करायची आहे. कुणाला पाच वेळा नमाज पढायची आहे. कुणाला नातवाच्या मुंजीत पाटावर बसायचं आहे. कुणाच्या वस्तीत सार्वजनिक शौचालयात कमोडच नाही. ही सगळी माहिती बाह्यरुग्ण विभागातल्या दोन प्रश्नांत मिळते. ती विचारून वाटीचा झुकाव, बॉलचा आकार, वाटीचा प्रकार ठरवायचा असतो. पाश्चात्त्य पुस्तकातलं माप जसंच्या तसं बसवायचं, आणि मग रुग्ण मराठी घरात मराठी माणसासारखा बसला म्हणून त्याला दोषी धरायचं? प्रत्येकाने मांडी घालून जेवावं, असं मी म्हणत नाही. काही खुब्यांना ते परवडत नाही, आणि तेव्हा ते आधी, स्पष्ट शब्दांत सांगावं. पण रुग्ण कसा जगतो हे सर्जनच्या आखणीत नसेल, तर ती आखणी अपुरी आहे.

काही खुबे खरोखरच सर्जनच्या हातात नसतात. तीव्र स्मृतिभ्रंश, दारूचं व्यसन, खुब्याचे स्नायूच निकामी झालेले, असे रुग्ण असतात. सगळं नीट करूनही त्यांतला एखादा निखळतो. पण तेवढ्यांच्या आडून बाकीच्यांचा हिशेब बुडवता येणार नाही. तो हिशेब आपण ठेवतच नाही, ही खरी अडचण आहे. स्वीडनमध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही 1979 पासून आहे, इंग्लंड-वेल्समध्ये 2003 पासून. आपल्याकडे सक्तीची नोंदवही नाही. त्या देशांच्या वह्यांतही मुख्यतः पुन्हा केलेली ऑपरेशनं मोजली जातात. भूल देऊन नुसता ओढून बसवलेला खुबा त्यांत दिसतोच असं नाही. मग आपल्याकडे असे किती खुबे तालुक्याच्या गावात रातोरात बसवले जातात आणि कुठेच लिहिले जात नाहीत?

म्हणून माझी मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर 'टोटल हिप रिप्लेसमेंट झाली' एवढं लिहून भागणार नाही. कुठल्या मार्गाने खुबा उघडला, कॅप्सूल आणि स्नायू शिवले की नाही, बॉल किती मिलिमीटरचा, वाटी कुठल्या प्रकारची, टेबलावर खुबा कुठल्या अंशापर्यंत स्थिर राहिला, आणि ऑपरेशननंतर वाटीचे कोन किती भरले, हे प्रत्येक कार्डावर लिहिलं गेलं पाहिजे. ज्याला हे लिहायचं आहे, तो ते टेबलावर करेलच. आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणाचा खुबा बदलायचा असेल, तर हेच प्रश्न आधी विचारा. बदलून झाला असेल, तर ऑपरेशन नोटची प्रत मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ती 72 तासांत द्यावी लागते.